सुरुंगाचा दाखला



दक्षिण आफ्रिकेतील जोहान्सबर्ग हे शहर सोन्यावर उभे आहे. १८८६ साली विटवॉटर्सरँडच्या डोंगरओळीत सोने सापडले आणि उजाड माळावर शहर वसले. खाणीतला खडक फोडावयाचा तर सुरुंग लावावा लागतो, आणि सुरुंग लावणाऱ्याजवळ सरकारी दाखला असावा लागतो. आजची हकीकत या दाखल्यापासून सुरू होते.

१९११ च्या खाणकायद्याखाली जे नियम झाले त्यांनी हा दाखला गोऱ्या माणसापुरता राखून ठेवला. खडकात भोके पाडण्याचे कष्ट काळ्या मजुराने करावेत, वात पेटविण्याचा अधिकार आणि त्याबरोबरचा मोठा पगार मात्र गोऱ्याचा! खाणमालकांना ही व्यवस्था महाग पडू लागली. ते उदार होते असे मुळीच नव्हे. त्यांना स्वस्त हात हवे होते. काही कामे काळ्यांना देण्याचा त्यांनी विचार करताच १९२२ साली गोऱ्या कामगारांनी बंड केले व ते मोडताना रक्तपात झाला. पुढल्याच वर्षी न्यायालयाने ते नियम बेकायदा ठरविले. तेव्हा १९२६ साली कायदाच दुरुस्त करून भिंत पुन्हा बांधण्यात आली. त्या भिंतीबाहेर आफ्रिकन तर राहिलेच, पण आपले हिंदी लोकही राहिले. खाणीतील ही वर्णभिंत कायद्याच्या पुस्तकातून गेली ती १९८७ साली.

१९९४ मध्ये सर्वांना मत मिळाले. पण मताने खाण मिळत नाही, बँकही मिळत नाही. आरंभी काही मोठ्या कंपन्यांनी आपण होऊन काळ्या गुंतवणूकदारांना भाग विकले. हे भाग बहुधा कर्ज काढून घेतलेले होते आणि त्या कर्जाला तारण पुन्हा तेच भाग! १९९८ साली शेअरबाजार कोसळला, तेव्हा असे कित्येक व्यवहार पत्त्याच्या बंगल्याप्रमाणे ढासळले.

यानंतर नियमांचे युग आले. २००२ च्या कायद्याने भूगर्भातील खनिजांची राखण राज्याकडे आली, आणि त्याच वर्षी ठरलेल्या खाणसनदेने दहा वर्षांत २६ टक्के मालकी पूर्वी वंचित राखलेल्या लोकांच्या हाती जावी असे ठरविले. २००३ च्या कायद्याने हेच तत्त्व साऱ्या उद्योगांना लागू झाले व २००७ साली १०० गुणांची पत्रिका तयार झाली. तेव्हा एकट्या मालकीला २० गुण होते. बाकीचे व्यवस्थापन, नोकऱ्या, कौशल्यशिक्षण, खरेदी आदी बाबींना.

आता कोणी विचारील, खाजगी कारखानदाराने हे गुण मिळविलेच नाहीत तर? त्याला तुरुंग नाही. सरकारी कंत्राट मात्र त्याला दुर्मीळ होते. शिवाय खरी मेख खरेदीत आहे. पहिल्या स्तराच्या पुरवठादाराकडून १०० रँडचा माल घेतला तर तो पत्रिकेत १३५ चा धरला जातो. आठव्या स्तराच्या पुरवठादाराकडून घेतला तर अवघ्या १० चा. मोठा कारखाना मग आपल्या लहान पुरवठादाराकडे दाखला मागतो, आणि ज्याने सरकारचे तोंडही पाहिलेले नाही असा दुकानदार गुणांच्या हिशेबाला बसतो. शिपायावाचून नियम चालविण्याची ही युक्ती मला मोठी चतुर वाटते.

पण जेथे दाखल्याला किंमत आली तेथे दाखला भाड्याने देणाराही येतोच. काळ्या भागीदाराचे नाव पाटीवर, आणि कारभार व नफा दुसऱ्याकडे, हा प्रकार इतका बोकाळला की २०१३ च्या दुरुस्तीने तो गुन्हा ठरवावा लागला. शिक्षा दहा वर्षांपर्यंत कैद, आणि कंपनीला वार्षिक उलाढालीच्या दहा टक्क्यांपर्यंत दंड. तेथल्या रेल्वेमंडळाने साडेतीन अब्ज रँडचे इंजिनांचे कंत्राट स्विफॅम्बो नावाच्या कंपनीला दिले होते. प्रकरण न्यायालयात गेले, तेव्हा दिसून आले की खरा कारभार परदेशी कारखान्याच्या हाती होता आणि स्विफॅम्बोला पैसे मिळत होते ते तिच्या गुणांच्या मोबदल्यात. २०१८ साली ब्लूमफाँटेनच्या अपील न्यायालयातही तिचे काही चालले नाही.

‘काळा’ म्हणजे कोण, हेही कायद्याने सांगून टाकले आहे: आफ्रिकन, मिश्रवर्णीय आणि हिंदी. २००८ साली न्यायालयाने तेथल्या जुन्या चिनी कुटुंबांनाही त्यांत घेतले. १८६० पासून उसाच्या मळ्यांवर राबावयास गेलेल्या मजुरांचे वंशज अशा रीतीने आत आले. मात्र यालाही एक तारीख आहे. बाहेरून येऊन नागरिकत्व घेतलेल्याला ते २७ एप्रिल १९९४ पूर्वी मिळालेले असले पाहिजे, किंवा वर्णद्वेषी कायद्यामुळेच त्याला ते तेव्हा नाकारले गेलेले असले पाहिजे. तेव्हा मुंबईहून आज जाऊन डर्बनमध्ये पेढी उघडणाऱ्याला या पत्रिकेत एकही गुण नाही. शेजारच्या दुकानातील, त्याच्याच रंगाच्या, ज्याचे पणजोबा गिरमिटावर गेले त्याला आहे.