क्लच, वाढीव क्षमतेचा

इंजिनाची ताकद गिअरबॉक्सला हवी तेव्हा जोडणारी आणि हवी तेव्हा तोडणारी यंत्रणा म्हणजे क्लच. कंपनीने दिलेल्यापेक्षा जास्त ओढ पेलणारा क्लच बसवण्याची चर्चा बहुधा वेगवान मोटारींच्या संदर्भात होते. बुलढाणा जिल्ह्यात मात्र हा प्रश्न मुख्यतः ट्रॅक्टरचा आहे.

फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये क्लच प्लेट दाबून धरलेली असते. तिच्या दोन्ही अंगांना घर्षणाचे अस्तर असते. अस्तराचा घर्षणांक, स्प्रिंगांचा दाब, प्लेटची सरासरी त्रिज्या आणि घासणाऱ्या पृष्ठभागांची संख्या यांचा गुणाकार केला की क्लच किती पीळ (टॉर्क) न घसरता पुढे देईल ते कळते. उदाहरणार्थ, घर्षणांक 0.3, दाब 6000 न्यूटन, त्रिज्या 0.12 मीटर आणि पृष्ठभाग 2 धरले तर 432 न्यूटन-मीटर येतात. 45 अश्वशक्तीचे इंजिन मिनिटाला 2000 फेऱ्यांवर पूर्ण ताकद देत असेल, तर त्याचा पीळ साधारण 160 न्यूटन-मीटर भरतो. म्हणजे क्षमता अडीचपटीहून जास्त, तरीही प्लेट जळतेच. इंजिनाची ताकद तिला क्वचितच मारते, मारते ते घसरणे. अर्धवट दाबलेल्या क्लचमधून जेवढी ताकद पलीकडे पोचत नाही, तेवढी उष्णता होऊन अस्तराला तापवते.

अजिंठ्याच्या डोंगररांगेने जिल्ह्याचे दोन भाग केले आहेत आणि लोकही ‘घाटावर’ व ‘घाटाखाली’ असेच बोलतात. बुलढाणा, चिखली, मेहकर घाटावर. मलकापूर, नांदुरा, शेगाव घाटाखाली. घाटाखाली पूर्णा खोऱ्यात खोल काळी, भारी जमीन आहे. उन्हाळ्यात पलटी नांगर आणि पुढे रोटाव्हेटर ओढताना ट्रॅक्टरचा कस लागतो. मोताळ्याकडून बुलढाण्याला येताना राजूर घाट चढावा लागतो. भरलेली ट्रॉली वळणावर थांबली की पुन्हा हलवताना चालक अर्धा क्लच धरतो, आणि जळका वास येतो तो याच वेळी. कापसाची ट्रॉली डोंगराएवढी दिसली तरी वजनाला हलकी असते. त्याच ट्रॉलीत सोयाबीनची पोती भरली की क्लचला खरा भार कळतो.

मळणीचा प्रकार वेगळा. मळणीयंत्र, म्हणजे इकडचा हडंबा, ट्रॅक्टरच्या पीटीओवर (अवजाराला फिरती ताकद देणाऱ्या मागच्या शाफ्टवर) मिनिटाला 540 फेऱ्यांनी चालतो. सिंगल क्लचच्या ट्रॅक्टरमध्ये पेडल दाबले की चाके आणि पीटीओ दोन्ही थांबतात. डबल क्लचमध्ये पेडल अर्धे दाबल्यावर फक्त चाकांची ओढ तुटते, पूर्ण दाबल्यावर पीटीओही थांबतो. ज्याला रोटाव्हेटर आणि मळणीचे भाड्याचे काम करायचे आहे, त्याने ट्रॅक्टर घेतानाच डबल क्लच घ्यावा. नंतर तो बसवणे म्हणजे नुसती प्लेट बदलणे नव्हे. शाफ्टही वेगळे लागतात.

निवड : आधी क्लच का घसरतो ते शोधावे. पेडलला मोकळी चाल उरली नसेल, चालकाचा पाय सतत पेडलवर असेल किंवा इंजिनाच्या मागच्या सीलमधून तेल प्लेटवर येत असेल, तर महागातली प्लेटही तशीच जाईल. हे सगळे ठीक असून घसरत असेल तरच क्षमता वाढवावी. सेंद्रिय अस्तर मऊ धरते आणि फ्लायव्हील राखते, पण फार तापले की पकड सोडते. धातू आणि सिरॅमिकच्या मिश्रणाच्या गुट्ट्या असलेली प्लेट उष्णता सोसते, तिचा घर्षणांकही जास्त असतो. पण ती झटक्याने धरते आणि फ्लायव्हील लवकर खाते. मोटारवेडे ज्या गुट्ट्यांच्या प्लेटला शर्यतीचा माल समजून पैसे मोजतात, तशी प्लेट कित्येक ट्रॅक्टरांत कारखान्यातूनच येते.

मोटारीत मात्र ती रोजच्या वापराला त्रासाची. इंजिनाची ताकद वाढवून घेतलेली गाडी समृद्धी महामार्गावर एकदा वरच्या गिअरमध्ये पडली की मेहकर ते सिंदखेडराजा क्लचला जवळजवळ कामच नसते. खामगावच्या बाजारात शिरल्यावर तीच प्लेट धक्के देते. रस्त्यावरच्या गाडीला सेंद्रिय अस्तर आणि जास्त दाबाची प्रेशर प्लेट पुरते. पीळ फारच वाढवला असेल तर दोन प्लेटांचा क्लच घ्यावा, कारण त्यात पृष्ठभाग दोनाचे चार होतात आणि पेडल जड न करता क्षमता मिळते. नुसता दाब वाढवला तर पाय दुखतो आणि क्रँकशाफ्टच्या थ्रस्ट बेअरिंगवर जोर येतो. शिवाय घसरणे बंद झाले की धक्का पुढे गिअर आणि अॅक्सलवर जातो, तिथली दुरुस्ती क्लचपेक्षा महाग पडते.

बसवणी : ट्रॅक्टर मधोमध दोन भागांत वेगळा करावा लागतो. त्याआधी पुढच्या अॅक्सलवर दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी ठोकाव्यात, नाहीतर पुढचा भाग एका अंगाला कलंडतो. माणूस चिरडण्याचा धोका इथेच आहे. फ्लायव्हीलवर निळसर डाग किंवा बारीक तडे दिसले तर ते लेथवर घासून घ्यावे. पायरीचे फ्लायव्हील असेल तर दोन्ही पृष्ठभाग सारखेच उतरवावेत, म्हणजे दाब बदलत नाही. प्लेटची कोणती बाजू फ्लायव्हीलकडे ते तिच्यावरच लिहिलेले असते. प्लेट मध्यावर आणण्यासाठी मार्गदर्शक शाफ्ट वापरावा, बोल्ट समोरासमोरचे थोडेथोडे आवळत जावेत आणि शेवट टॉर्क रेंचने करावा. अस्तराला ग्रीसचा हातही लागू नये. प्रेशर प्लेटच्या फिंगर एकाच उंचीवर नसतील तर क्लच सोडताना सगळा ट्रॅक्टर थरथरतो. ही तपासणी घाईत टाळली जाते, आणि मग दोष प्लेटच्या माथी मारला जातो. ट्रॅक्टर उघडलेलाच आहे तर रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग आणि दोन्हीकडची तेलाची सीले त्याच वेळी बदलावीत. पेडलची मोकळी चाल कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवावी. पुष्कळ ट्रॅक्टरांत ती 20 ते 25 मिलिमीटर असते.

नवे अस्तर बसायला वेळ लागतो. मोटारीला साधारण 800 किलोमीटर शांतपणे चालवावे. ट्रॅक्टरचे काम नांगरणी उरकल्यावर आणि पेरणीच्या आधी काढावे, कारण पेरणीची ओढ नांगरापेक्षा कमी असते आणि सोयाबीनच्या मळणीपर्यंत प्लेट नीट बसलेली असते.