८ फेब्रुवारी १९११ : घाटावरचे पाणी गिरणीच्या कामाला

मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते या दिवशी लोणावळ्यात टाटा जलविद्युत प्रकल्पाची पायाभरणी झाली. कल्पना जमशेटजी टाटांची. ते मात्र १९०४ मध्येच गेले. बेत धाडसीच होता. लोणावळा, वळवण, शिरवता इथे साठवलेले पावसाचे पाणी लोखंडी नळांतून सुमारे अर्धा किलोमीटर खाली खोपोलीला सोडायचे, त्या माऱ्यावर चाके फिरवायची आणि कोळशावर चालणाऱ्या मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरवायची. १९१५ मध्ये ती पोहोचली. या गिरण्यांशी वाशीमकरांचा संबंध कापसाचा : वाशीम जिल्ह्यातल्या कारंज्याच्या गाठी ‘शकुंतला’ रेल्वेने मूर्तिजापूरला आणि तिथून मुंबईकडे जात. खोपोलीचे केंद्र आजही वीज देते.