संगणकीय गुन्हे व आंतरराष्ट्रीय सहकार्य

संगणकीय गुन्ह्यातील गुन्हेगार, साधन व बळी भिन्न देशांत असू शकतात. तपासाचा अधिकार मात्र राष्ट्राच्या सीमेपुरता मर्यादित असतो. या विसंगतीवर उपाय म्हणून कौन्सिल ऑफ युरोपच्या पुढाकाराने बूडापेस्ट करार झाला (२००१, अंमल २००४). भारत त्यात सामील झाला नाही. मात्र भारतातील संगणकांविरुद्ध परदेशातून केलेल्या गुन्ह्यांनाही माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० लागू होतो. २००८ च्या दुरुस्तीने त्यात सायबर दहशतवादाचा अंतर्भाव झाला.

पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवरील हल्ला (२०१८) हे या प्रश्नाचे ठळक उदाहरण होय. बँकेची पडताळणी टाळणारी समांतर यंत्रणा उभारून हल्लेखोरांनी ११ ऑगस्टला बनावट कार्डांद्वारे २८ देशांतून सु. ७८ कोटी रु. व भारतातून सु. २·५ कोटी रु. काढले, १३ ऑगस्टला सु. १३·९२ कोटी रु. हाँगकाँगमधील खात्यात वळविले. त्यांपैकी काही रक्कम तेथील पोलिसांच्या साहाय्याने परत मिळाली. पैसे काही तासांत गेले. पुणे न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरविले, ते एप्रिल २०२३ मध्ये.

हा कालव्यय कमी व्हावा, म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २४ डिसेंबर २०२४ रोजी स्वीकारलेल्या करारात अहोरात्र संपर्ककेंद्रे व इलेक्ट्रॉनीय पुराव्याची देवाणघेवाण यांची तरतूद आहे.