बटाट्यातली वीज

मंडळी, सातपूरच्या कारखान्यांत तारेतून वीज धावते, हे आपणां सर्वांना ठाऊक आहे. पण घरातल्या बटाट्यातही विजेची देवघेव चालते, हे ठाऊक आहे का?

सजीवांच्या पेशींत सायटोक्रोम-सी नावाचे एक प्रथिन असते. त्यात लोहाचा एक अणू असतो. तो विजेचा कण, म्हणजे इलेक्ट्रॉन, मागच्याकडून घेतो नि पुढच्याला देतो. विहिरीवरून हातोहात घागर पुढे जावी तसा. शेवटी हा कण प्राणवायूला जाऊन मिळतो, आणि या वाटचालीतून जीवाला शक्ती लाभते.

प्राण्यांप्रमाणे वनस्पतींतही हे प्रथिन हेच काम करते, हे केंब्रिजमध्ये बटाट्यावर संशोधन करून दाखवले एका मराठी मुलीने. त्या कमला भागवत, म्हणजे पुढच्या डॉ. कमला सोहोनी. १९३९ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली.

याच कमलाबाईंना १९३३ साली बंगळूरच्या विज्ञान संस्थेत, केवळ स्त्री म्हणून, सर सी. व्ही. रामन यांनी प्रवेश नाकारला होता. त्या हटल्या नाहीत. वर्षभर काम पाहू, या अटीवर त्या आत गेल्या, आणि त्यांचे काम पाहून रामन यांचे मत पालटले.

गुरुजनहो, पेशींचा धडा शिकवाल तेव्हा वर्गात एक बटाटा जरूर न्या; आणि त्या बंद दाराची गोष्टही मुलींना सांगा.