जुन्या डिझेल जीपचं ॲव्हरेज : थोडा इतिहास, थोडा हिशोब



आज पिकाचं नाही, गाडीचं लिहितो. आपल्या दिंडोरी-निफाड पट्ट्यात अजून कितीतरी जुन्या फोर बाय फोर डिझेल जीपा चालू आहेत. पावसाळ्यात शिवाररस्त्याला टोमॅटोचे क्रेट काढायचे म्हटलं की तीच लागते. पण "ॲव्हरेज किती देते?" विचारलं की प्रत्येकाचं उत्तर वेगळं. कोणी नऊ सांगतो, कोणी चौदा. गाडी तीच, कंपनी तीच. मग खरं कोणाचं? हे समजायला थोडं मागं जावं लागतं.

आपण "मायलेज" म्हणतो, त्यातला मैल आता रस्त्यावर राहिला नाही. मापं-वजनाचा दशमान कायदा १९५६ चा. त्याआधी आणि नंतरही काही वर्षं हिशोब मैल आणि गॅलनचा. एक मैल म्हणजे १.६ किलोमीटर, इंग्रजी गॅलन म्हणजे साडेचार लिटरच्या थोडं वर. जुनी माणसं "गॅलनला वीस मैल" म्हणायची, ते ऐकायला भारी वाटतं. पण आजच्या मापात ते लिटरला फक्त ७ किलोमीटर होतात.

त्या जीपा पेट्रोलच्या. महायुद्ध संपल्यावर महिंद्राने मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली. पुढं उंच बॉनेटची सीजे-३बी आली, तिला २.२ लिटरचं चार सिलिंडरचं हरिकेन पेट्रोल इंजिन. ताकद चांगली, पण पिणारी. तेव्हा पेट्रोल परवडायचं म्हणून कोणी फार मोजत नव्हतं.

मोजायला लावलं १९७३ ने. ऑक्टोबरात अरब-इस्रायल युद्ध पेटलं, तेलवाल्या देशांनी पुरवठा आवळला आणि काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव जवळजवळ चौपट झाला. मग सगळ्यांची नजर डिझेलकडं वळली. एक तर डिझेल स्वस्त होतं, आणि लिटरमागं त्यात पेट्रोलपेक्षा दहा टक्क्यांच्या वर जास्त ऊर्जा असते. शिवाय डिझेल इंजिन जास्त दाबावर जाळतं, म्हणून कमी इंधनात जास्त काम करतं.

डिझेल इंजिन आपल्याला नवं नव्हतं. १९६३ ला सुरू झालेल्या इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनीचा बी-२७५ ट्रॅक्टर शेतात धावतच होता. त्याच घराण्यातलं डिझेल इंजिन पुढं जीपमध्ये बसलं. म्हणून त्या जीपांचा आवाज ट्रॅक्टरसारखा. १९८० च्या दशकात फ्रान्सच्या प्युजोचं २११२ सीसीचं एक्सडीपी इंजिन आलं, ते एमएम-५४० मध्ये. तिकडं पुण्याला बजाज टेम्पोच्या ट्रॅक्समध्ये मर्सिडीजच्या परवान्याचं २.४ लिटरचं इंजिन होतं. नंतर मेजर, कमांडरमध्ये २५२३ सीसीचं डीआय इंजिन दिसायला लागलं.

इथं एक फरक नीट समजून घ्या. प्युजो आणि ट्रॅक्सचं इंजिन डिझेल आधी डोक्यातल्या छोट्या कप्प्यात जाळायला सुरू करतं. त्यामुळं आवाज मऊ येतो, पण कप्प्याच्या भिंती उष्णता खातात. म्हणूनच त्याला सकाळी हीटर प्लग लागतात. डीआय म्हणजे डिझेल सरळ पिस्टनच्या डोक्यावर फवारतं. आवाज कडक, पण त्याच कामाला दहा-पंधरा टक्क्यांपर्यंत डिझेल कमी. म्हणून एमएम-५४० वाल्याने आणि डीआय वाल्याने ॲव्हरेजवरून भांडू नये. इंजिनाची जातच वेगळी आहे.

आता मोजायची गोष्ट. पुण्यात एआरएआय ही संस्था १९६६ पासून आहे. तिथं गाडी रोलरवर चढवून ठरलेल्या पद्धतीनं पळवतात. जुन्या भारतीय चाचणीचा एक फेरा १०८ सेकंदांचा होता आणि त्यात सगळ्यात जास्त वेग ताशी ४२ किलोमीटर. ती मोजणी खोटी नव्हे. सगळ्या गाड्यांना एकच कसोटी लावायची तर अशीच लागते. पण रोलरवर चिखल नसतो, मागं वीस क्रेट नसतात आणि समोरून वारा नसतो. तिथला आकडा आपल्या शिवाराचा नव्हे.

१९७८ पासून पीसीआरए ही सरकारी संस्था इंधन बचतीचं सांगत आली. सिग्नलला इंजिन बंद ठेवा, वेग आवरा. जीपला हे जास्तच लागू. पुढून ती पेटीसारखी चौकोनी, आणि वेग दुप्पट केला की हवेचा विरोध चौपट होतो. पन्नासला चालणारी आणि ऐंशीला चालणारी जीप एकच असली तरी ॲव्हरेज एक नसतं.

पुतण्याला यंदा जुनी एमएम-५४० घ्यायची होती. विकणारा म्हणाला चौदा देते. आम्ही तीन गोष्टी तपासल्या.

पहिली, मीटर. डांबरी रस्त्याला किलोमीटरचे दगड धरून १० किलोमीटर गेलो, मीटरनं ११ दाखवले. कारण टायर मूळ मापापेक्षा लहान होते. लहान टायर जास्त फिरतो, मीटर जास्त पळतं. तिथंच चौदाचे पावणेतेरा झाले. मोठे टायर असले तर उलटं होतं, खरं ॲव्हरेज कमी दिसतं. दगड नसतील तर टायरला खडूनं खूण करा, दहा फेरे गाडी ढकला आणि टेपनं मोजा.

दुसरी, टाकी. डिझेलला फेस येतो, नोझल आधीच बंद पडतं. म्हणून एकच पंप, सपाट जागा, सकाळची वेळ, फेस बसेपर्यंत थांबून तोंडापर्यंत भरायचं. एका टाकीवर विश्वास ठेवायचा नाही. निदान तीन-चार टाक्यांचं एकूण अंतर भागिले एकूण लिटर.

तिसरी, पुढचा हब. हब लॉक ठेवला तर टू-व्हीलवर चालतानाही पुढचा शाफ्ट आणि डिफरन्शियल फिरत राहतं, डिझेल फुकट जातं. डांबरीवर हब मोकळा करा.

एवढं केल्यावर आकडा आला अकरा. महिन्याला हजार किलोमीटर धरा. चौदानं ७१ लिटर लागतं, अकरानं ९१. डिझेल ९० रुपये धरलं तर वर्षाला २१ हजारांचा फरक. तो किंमत ठरवताना धरला पाहिजे, आणि आम्ही धरला. गाडी घेतली, पण चौदाच्या भावानं नाही.

अजून एक हिशोब लक्षात ठेवा. आठवरून दहावर आणलं तर हजार किलोमीटरला २५ लिटर वाचतात. चौदावरून सोळावर आणलं तर नऊसुद्धा वाचत नाहीत. वाढ दोन्हीकडं दोनचीच. म्हणून घरात दोन गाड्या असतील तर पंप-नोझलचा खर्च आधी जास्त पिणारीवर करा.

आणि शेतातलं काम किलोमीटरात मोजूच नका. चिखलात लो गिअरला जीप तासभर राबते आणि अंतर होतं दोन किलोमीटर. तिथं ट्रॅक्टरसारखं तासाला किती लिटर हेच माप. माझ्या वहीत तीन रकाने आहेत : डांबरी रिकामी, डांबरी भरलेली, शिवार. तिन्ही एकत्र केले की आकडा निघतो, पण त्याचा काही अर्थ लागत नाही.

ऑक्टोबर २०१४ ला डिझेलचा भाव बाजारावर सोडला, जून २०१७ ला तो रोज ठरवायची पद्धत सुरू झाली. भाव आपल्या हातात नाही, वही आहे. जुनी जीप ठेवायची की मोडीत काढायची, हे दुसऱ्याच्या सांगण्यावर ठरवू नका. चार टाक्या लिहा, मग ठरवा. तुमच्या गाडीचं लिहाल तेव्हा इंजिन कोणतं, टायर कोणते आणि माल किती, हे तेवढं सोबत लिहा.