परंड्याची मसलत : मलिक अंबर आणि दख्खनचे शेजारी

मलिक अंबराचे नाव इतिहासाच्या ग्रंथांतून प्रायः दोन कारणांनी घेतले जाते. एक, त्याने मोगलांच्या अवजड फौजांना हैराण करणारा गनिमी कावा. आणि दुसरे, त्याने बसविलेली जमीनमहसुलाची पद्धत. ह्या दोन्ही गोष्टींचे महत्त्व निर्विवाद आहे. तथापि ज्या राज्याला राजधानी उरलेली नव्हती, राजा कैदेत पडलेला होता आणि सरदार आपापल्या परगण्यांत स्वतंत्र होऊन बसले होते, ते निजामशाहीचे राज्य अंबराने 1600 पासून 1626 पर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षे, कशाच्या बळावर उभे ठेवले, ह्या प्रश्नाचे उत्तर केवळ रणांगणात शोधून भागत नाही. त्याचे मोठे अंग शेजारी राज्यांशी जुळविलेल्या आणि पुढे तुटलेल्या संबंधांत आहे. आणि त्या संबंधांचा आरंभ धाराशिव जिल्ह्यातील परंडा ह्या किल्ल्यापाशी होतो.

प्रथम भूगोल ध्यानात घेतला पाहिजे. आजच्या धाराशिव जिल्ह्याचा प्रदेश सोळाव्या शतकात दोन राज्यांच्या शिवेवर होता. परंडा निजामशाहीचा, तर नळदुर्ग आदिलशाहीचा. आणि दोहोंना लागून सोलापूर. हुसेन निजामशाहाने आपली कन्या चांदबिबी अली आदिलशाहाला दिली तेव्हा सोलापूर आंदण म्हणून विजापूरकडे गेले. ह्या सोयरिकीचे फळ 1565 मध्ये विजयनगराविरुद्धच्या युतीत दिसले. परंतु शरीरसंबंधाने मिटलेला सोलापूरचा वाद मनातून मिटला नाही. एका बाजूने विवाहाने जोडलेली, दुसऱ्या बाजूने एका किल्ल्यावरून दुरावणारी अशी ही दोन घराणी होती. अंबराला जे राजकारण करावयाचे होते ते ह्याच वारशावर.

अंबर जन्माने ह्या भूमीचा नव्हे. त्याचा जन्म सोळाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास पूर्व आफ्रिकेतील हबसाणात, म्हणजे आजच्या इथिओपियात, झाला. त्याच्या आदल्या पिढीत तेथील ख्रिस्ती राज्य आणि शेजारचे अदल हे मुसलमानी राज्य ह्यांच्यात दीर्घ युद्ध पेटले होते. अशा लढाया आणि लुटालुटीतून सापडलेली माणसे तांबड्या समुद्रापलीकडील बाजारांत गुलाम म्हणून विकली जात. अंबरही असाच विकला गेला आणि अरबस्तान व बगदाद ह्या वाटेने दख्खनेत आला. निजामशाहीचा पेशवा चंगीझखान, जो स्वतः हबशी होता, त्याने त्याला विकत घेतले. चंगीझखानाच्या मृत्यूनंतर अंबराने विजापूरची चाकरी केली. ‘मलिक’ हा किताब त्याला तेथेच मिळाला. 1595 च्या सुमारास तो निजामशाहीत परतला. ह्या वृत्तान्तातील एक गोष्ट पुढील विवेचनास आवश्यक आहे. विजापूरचा दरबार, तेथील माणसे आणि त्यांचे हेवेदावे अंबराने आतून पाहिले होते. शेजाऱ्याशी बोलणी करणाऱ्याला ह्याहून मोठे भांडवल असू शकत नाही.

ऑगस्ट 1600 मध्ये अहमदनगर मोगलांच्या हाती पडले आणि बालराजा बहादूर निजामशाह ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैद झाला. कागदोपत्री निजामशाही संपली. अशा वेळी स्वतःच्या नावाने परगणे बळकावणे अंबराला अशक्य नव्हते. अनेकांनी ते केलेच. परंतु त्याने विजापूरच्या राज्यात आश्रयाला असलेला निजामशाही घराण्यातील अली नावाचा तरुण शोधून काढला, त्याला मुर्तजा निजामशाह ह्या नावाने गादीवर बसविले आणि परंड्याला त्या राज्याचे ठाणे केले. आपली मुलगीही त्याने ह्या नव्या सुलतानाला दिली. ह्या घटनेचे वर्णन बहुधा ‘पराभूतांनी घेतलेला शेवटचा आश्रय’ असे केले जाते. ते अपुरे आहे. छत्राखाली नसलेल्या सरदाराशी शेजारी राजा तह करीत नाही. तो त्याला फार तर चाकरीला ठेवतो. परंड्यास छत्र उभे राहिले म्हणूनच पुढे विजापूर व गोवळकोंडे ह्यांना बोलणी करण्यासाठी समोर एक राज्य मिळाले. शिवाय परंडा हे ठाणे अहमदनगरच्या आग्नेयेस, मोगलांपासून दूर आणि विजापूरच्या सरहद्दीस लागून होते. पाठीमागचा शेजारी वैरी असता तर ह्या जागी राज्य उभे करणे म्हणजे दोन जात्यांत सापडणे होते. अर्थात ही निवड झाली त्याच वेळी विजापूरशी सख्य हे धोरणही ठरून गेले होते.

आरंभीची वर्षे मात्र घरच्या भांडणांत गेली. राजू दखनी हा प्रतिस्पर्धी दौलताबादेकडील प्रदेश धरून होता, आणि परंडा व औसा ह्या भागांतील काही सरदार सुलतानाला हाती धरून अंबराविरुद्ध उठले. नांदेडजवळ मोगलांशी झालेल्या लढाईत अंबर जखमी झाला, तेव्हा खानखानान अब्दुर्रहीमशी सीमा ठरवून त्याने तात्पुरता तह केला. एका वेळी एकच शत्रू ठेवावा, हे सूत्र येथे प्रथम स्पष्ट दिसते. अकबराचा वकील असदबेग ह्याच काळात विजापूरला गेला होता. त्याने अंबराच्या आतिथ्याचे आणि धर्मशीलतेचे केलेले प्रशंसापर वर्णन उपलब्ध आहे. शत्रूच्या वकिलाने असे लिहावे, ही गोष्ट लहान नव्हे.

राजूचा पाडाव 1607 च्या सुमारास झाला आणि जुन्नर हे राजधानीचे ठिकाण झाले. त्यानंतर मोगलांची नवी मोहीम येणार हे दिसताच अंबराने इब्राहीम आदिलशाह (दुसरा) ह्याच्याकडे साहाय्य मागितले. त्याची मांडणी सरळ होती. निजामशाही ही विजापूरची उत्तरेकडील भिंत आहे. ती पडली की पुढला घाव विजापूरवर. इब्राहीमाला हे पटले. त्याने दहा हजार स्वार दिले आणि कंधारचा किल्ला अंबराच्या स्वाधीन केला. हलक्या घोडदळाने लढणाऱ्या सेनापतीला कुटुंबकबिला व खजिना ठेवण्यास मागे एक निर्धास्त जागा लागते. गनिमी काव्याच्या यशामागे शेजाऱ्याने दिलेला किल्ला होता, ही बाब युद्धशास्त्राच्या चर्चेत सहसा येत नाही. ह्या तहाला 1609 मध्ये सोयरिकीची जोड मिळाली. अंबराचा पुत्र फत्तेखान ह्याचा विवाह विजापूरचा मातबर उमराव याकूतखान ह्याच्या कन्येशी झाला. लगेच पुढल्या वर्षी, 1610 मध्ये, अहमदनगरचा किल्ला मोगलांकडून परत मिळाला. त्याच सुमारास अंबराने खडकी हे नगर वसविले, तेच पुढे औरंगाबाद झाले.

ह्या सख्याची कसोटी विजयात नव्हे, पराजयात लागली. 1616 मध्ये काही मराठे व हबशी सरदार मोगलांना मिळाले आणि रोषणगावच्या लढाईत अंबराचा मोड होऊन खडकी जळाली. पुढे शाहजादा खुर्रम स्वतः दक्षिणेत आला. तेव्हा आदिलशाहाने मध्यस्थी करून 1617 चा तह घडविला. अहमदनगरचा किल्ला द्यावा लागला, परंतु राज्य वाचले. जहांगीराने ह्या सेवेबद्दल इब्राहीमाला ‘फर्जंद’ म्हणजे पुत्र ही पदवी दिली. 1620 मध्ये तिन्ही दख्खनी राज्ये पुन्हा एकत्र उठली. 1621 च्या तहात त्यांच्यावर एकूण पन्नास लाख रुपयांची खंडणी बसली : गोवळकोंड्यावर वीस, विजापूरवर अठरा आणि निजामशाहीवर बारा लाख. प्रत्यक्ष लढणाऱ्या निजामशाहीचा वाटा सर्वांत लहान आणि मागे राहिलेल्यांचा मोठा, ही वाटणी लक्षणीय आहे. मोगलांच्या दृष्टीनेही हे युद्ध एकट्या अंबराचे राहिले नव्हते.

परंतु ह्याच आकड्यांत पुढील तुटीचे एक कारण पाहता येते. अंबराच्या प्रत्येक उठावाची किंमत विजापूरला मोजावी लागत होती, आणि अंबराचे बळ मात्र वाढत होते. दुर्बल शेजाऱ्याला आधार देणे आणि प्रबळ शेजाऱ्याला पोसणे ह्यांत अंतर आहे. सोलापूरचा जुना काटा होताच. 1623 च्या सुमारास दोघेही मोगल सुभेदार महाबतखानाची मैत्री मागू लागले. महाबतखानाने विजापूरला पसंती दिली आणि इब्राहीमाचा मुत्सद्दी मुल्ला मुहम्मद लारी फौजेनिशी मोगलांना जाऊन मिळाला. अंबराने तत्काळ गोवळकोंड्याशी संधान बांधले, बीदर लुटले आणि विजापूरला वेढा घातला. लारी मोगल सरदारांसह परत फिरला. त्या सरदारांना अंबराने कळविले की आपले भांडण विजापूरशी आहे, मोगलांशी नाही. परंतु ते मानले गेले नाही. 1624 मध्ये अहमदनगरजवळ भातवडी येथे लढाई होऊन लारी मारला गेला, अनेक मोगल सरदार कैद झाले. शहाजी भोसले ह्या लढाईत गाजले व त्यांचे बंधू शरीफजी पडले. पुढे अंबराने विजापूरजवळील नौरसपूर उद्ध्वस्त केले आणि 1625 मध्ये सोलापूर घेतले.

भातवडी हा अंबराच्या रणकौशल्याचा कळस मानला जातो, आणि लढाई म्हणून तो आहेही. राजकारण म्हणून मात्र तिचा हिशेब वेगळा लागतो. 1600 मध्ये परंड्यास छत्र उभारताना जे धोरण गृहीत होते, त्याचा हा शेवट होता. येथे एक आक्षेप संभवतो : अंबराची मैत्री मुळातच कामापुरती होती, संधी मिळताच त्याने सोलापूर घेतले. ह्यात तथ्य नाही असे नाही. पण मोगलांकडे प्रथम वळण्याचा दोष एकट्या कोणाला देता येत नाही. दोघांनीही तीच दारे ठोठावली. एकाला ती उघडली, एवढाच फरक. तिसऱ्या बलाढ्य सत्तेला शेजाऱ्यांच्या भांडणात पंच केले की निवाडा कोणाच्या बाजूने झाला ह्याला पुढे महत्त्व राहत नाही.

मे 1626 मध्ये अंबर वारला. खुलदाबाद येथे त्याची कबर आहे. त्याला जन्मभर शिव्या देणाऱ्या जहांगीराच्या दरबारातील बखरकार मुतमदखान ह्यानेही त्याच्या मृत्यूची नोंद करताना त्याच्या कर्तृत्वाची थोरवी मान्य केली. पुढील दहा वर्षांत सारेच आटोपले. परंडा विजापूरकडे गेला, आणि तेथील मुलूख-मैदान ही प्रचंड तोफ 1632 मध्ये विजापूरच्या तटावर नेण्यात आली. 1633 मध्ये दौलताबाद पडले. 1636 च्या तहाने निजामशाहीचा मुलूख मोगल व आदिलशाह ह्यांनी वाटून घेतला. त्या वाटणीत विजापूरला प्रदेश मिळाला, परंतु उत्तरेकडील भिंत गेली. अंबराने इब्राहीमापुढे जी गोष्ट मांडली होती तिची सत्यता पन्नास वर्षांनी, 1686 मध्ये औरंगजेबाने विजापूर घेतले तेव्हा, पूर्णपणे सिद्ध झाली. दख्खनच्या राज्यांचा नाश त्यांच्या सैन्याच्या दुर्बलतेने जितका झाला तितकाच, किंबहुना अधिक, परस्परांतील विश्वास टिकविण्याच्या असमर्थतेने झाला. आणि तो विश्वास काही वर्षे तरी टिकवून दाखविणारा पुरुष दूरच्या हबसाणातून गुलाम म्हणून आलेला होता, ही गोष्ट परंड्याच्या इतिहासात नमूद व्हावयास हवी.