गल्ली, मांडव आणि सार्वजनिकता : गिरगाव-गिरणगावातील सामुदायिक उत्सवांचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

शहराचा इतिहास लिहिताना राजमार्ग, गोदी, गिरण्या आणि सरकारी इमारती यांना जे स्थान मिळते, ते गल्लीबोळांना सहसा मिळत नाही. प्रशासनाच्या दप्तरात गल्ली प्रामुख्याने घाण, दाटी आणि रोगराई यांच्या संदर्भात येते. मात्र मुंबईच्या गिरगाव आणि गिरणगाव या भागांत हीच दुर्लक्षित जागा वर्षातील काही दिवस सभागृह, रंगमंच आणि देवालय अशी तिहेरी भूमिका बजावत आली आहे. हे स्थित्यंतर शासनाने घडविलेले नसून रहिवाशांच्या सामुदायिक उत्सवांनी घडविलेले आहे. प्रस्तुत लेखात या प्रक्रियेचा मागोवा घेऊन, ‘सार्वजनिक’ या शब्दाची व्याप्ती गल्लीमध्ये कशी ठरत गेली, याचा विचार केला आहे.

१. गल्लीची जडणघडण

१८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या कापडगिरणीची स्थापना केली. पुढील अर्धशतकात परळ, लालबाग, भायखळा, वरळी या परिसरात गिरण्यांबरोबर चाळी उभ्या राहिल्या. कोकणातून आणि घाटावरून आलेला कामगार एका खोलीत अनेकांसह राहत असे. खोलीत पाठ टेकण्यापुरतीच जागा असल्यामुळे उरलेले आयुष्य साहजिकच गॅलरीत, जिन्यात, नळावर आणि गल्लीत वाहत आले. गिरगावातील वाड्यांमध्ये राहणाऱ्या पांढरपेशा वर्गाची स्थिती तुलनेने बरी असली, तरी खोलीचा संकोच तेथेही होताच.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ उद्भवली आणि १८९८ मध्ये शहर सुधारणा विश्वस्त मंडळाची, म्हणजेच सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची, स्थापना झाली. दाट वस्ती पाडून हवा आणि उजेड खेळविणारे रुंद रस्ते काढणे, हा ट्रस्टचा उपाय होता. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड ही त्याची ठळक उदाहरणे होत. या दृष्टीने गल्ली हे केवळ रोगाचे कारण ठरले. तिच्यात नांदणारे सामाजिक जीवन योजनाकारांच्या विचारकक्षेत आले नाही.

२. मोहरम ते गणेशोत्सव

गल्लीला उत्सवाचे रूप देण्याची प्रथा गणेशोत्सवापासून सुरू झाली, असे मानणे इतिहासाला धरून होणार नाही. एकोणिसाव्या शतकातील मुंबईत मोहरम हा मोहल्ल्यामोहल्ल्यांचा मोठा सोहळा होता. प्रत्येक मोहल्ल्याचा ताबूत आणि त्याच्या टोळ्या असत व त्यांत हिंदूही सहभागी होत. ऑगस्ट १८९३ मधील दंग्यानंतर हा सहभाग महाराष्ट्रात अनेक ठिकाणी ओसरला. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात पोलीस आयुक्त एस. एम. एडवर्ड्स यांच्या निर्बंधांमुळे मुंबईतील मोहरमच्या मिरवणुकांचे पूर्वीचे स्वरूपही पालटले.

१८९३ मध्येच गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणेशोत्सवास प्रारंभ झाला. पुण्यात लोकमान्य टिळकांच्या नेतृत्वाखाली १८९४ पासून त्यास संघटित रूप आले. व्याख्याने, कीर्तने आणि मेळे यांमुळे राजकीय विचार सभागृहाच्या भिंती ओलांडून आळीत आणि बोळात पोहोचला. ज्याला व्याख्यानाचे निमंत्रण कधीच मिळाले नसते, असा मनुष्यही आपल्या दारात उभा राहून ते ऐकू शकत होता. सरकारने पुढे मेळ्यांवर निर्बंध घातले, यावरून या माध्यमाच्या परिणामाची कल्पना येते.

३. मांडवाची व्यवस्था

उत्सवामुळे गल्लीचे रूप बदलत असे, ते प्रथमतः श्रमाने. गल्ली झाडणे, खड्डे बुजविणे, दिव्यांची सोय करणे आणि मांडव उभारणे ही कामे तरुण रहिवासी करीत. वर्गणीमुळे प्रत्येक खोलीचा उत्सवाशी संबंध जुळे. तिचा हिशेब मांडणे आणि तो सर्वांपुढे ठेवणे, हे कार्यकर्त्यांसाठी सार्वजनिक व्यवहाराचे प्राथमिक शिक्षणच होते. एरवी पाण्यावरून भांडणाऱ्या शेजाऱ्यांना दहा दिवस एका समितीत बसावे लागे. भजनी मंडळे, नाटके आणि स्पर्धा यांतून स्थानिक गुणांना पहिले व्यासपीठ मिळाले.

या जाळ्याचा उपयोग उत्सवापुरता राहिला नाही. टिळकांना झालेल्या शिक्षेच्या निषेधार्थ जुलै १९०८ मध्ये गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. राजनारायण चंदावरकर यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात कामगारांच्या संघटनेमागे गिरणीइतकेच वस्तीतील संबंध होते, असे प्रतिपादन केले आहे. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने १९४० च्या दशकात याच वस्त्यांमधून आपला प्रेक्षक मिळविला. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतही शाहिरांचा आवाज चाळींच्या गॅलऱ्यांपर्यंत पोहोचला.

लालबागचे उदाहरणही बोलके आहे. १९३२ मध्ये पेरू चाळीजवळचा बाजार बंद झाल्यावर तेथील कोळी आणि व्यापारी उघड्यावर आले. कायम जागेसाठी केलेल्या नवसातून १९३४ मध्ये तेथे गणपतीची स्थापना झाली, असे मंडळाची परंपरा सांगते. उपजीविकेच्या जागेचा प्रश्न आणि उत्सव यांची सांगड येथे स्पष्ट दिसते.

४. ‘सार्वजनिक’ कोणाचे?

मांडव सर्वांसाठी खुला असल्याचे मानले गेले, तरी व्यवहारात तसे नेहमीच घडले नाही. १९२६ मध्ये दादर येथील सार्वजनिक गणेशोत्सवात अस्पृश्यांच्या पूजेच्या हक्कावरून तीव्र वाद झाला. प्रबोधनकार ठाकरे या वादात अग्रभागी होते आणि त्यानंतर त्यांच्या पुढाकाराने दादरला सार्वजनिक नवरात्रोत्सव सुरू झाला. वर्गणी सर्वांची, मात्र पूजा काहींची, या विसंगतीवर या घटनेने नेमके बोट ठेवले.

१९२० च्या दशकात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे बी.डी.डी. चाळी उभारण्यात आल्या. तेथील दलित रहिवाशांनी आंबेडकर जयंतीच्या रूपाने गल्लीवर आपला हक्क प्रस्थापित केला. मात्र जानेवारी १९७४ मध्ये वरळीच्या याच चाळींमध्ये दंगली उसळल्या. ज्या गल्लीत सर्वजण एकत्र येतात, तेथेच त्यांच्यातील भेदही उघड्यावर येतात. तेव्हा गल्लीतील सहजीवनाचे केवळ गौरवीकरण करणे अभ्यासाच्या दृष्टीने अपुरे ठरते.

५. १९८२ नंतरचे परिवर्तन

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपानंतर गिरणगावाचा आर्थिक कणा मोडला. वर्गणी देणारा कामगार वस्तीतून कमी होत गेला आणि जाहिरातदारांचे महत्त्व वाढले. मूर्तीची उंची वाढली, ध्वनिवर्धकांचा आवाज वाढला. २००० मध्ये केंद्र शासनाला ध्वनिप्रदूषणाविषयी नियम करावे लागले. परिणामी, गल्लीचा रहिवासी आयोजकाऐवजी प्रेक्षक बनू लागला.

२०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने गणेशोत्सवास राज्य महोत्सवाचा दर्जा दिला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये वरळीच्या बी.डी.डी. चाळींतील पहिल्या ५५६ कुटुंबांना पुनर्विकसित उंच इमारतींतील सदनिकांच्या चाव्या मिळाल्या. प्रशस्त घर आणि स्वतंत्र शौचालय हा या कुटुंबांचा न्याय्य हक्क आहे, याविषयी दुमत असू शकत नाही. तथापि, उत्सवाला राजमान्यता मिळत असताना ज्या गल्लीने तो वाढविला, ती गल्ली नाहीशी होत आहे, हा विरोधाभास इतिहासाच्या अभ्यासकाने नोंदविणे आवश्यक आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून तीन बाबी स्पष्ट होतात. प्रथम, गल्लीची सार्वजनिकता तिच्या रचनेत आपोआप नव्हती. ती श्रम, वर्गणी आणि सहभाग यांतून दरवर्षी नव्याने निर्माण करावी लागे. द्वितीय, ती सर्वांना विनासायास लाभली नाही. वंचितांना ती संघर्षाने मिळवावी लागली. तृतीय, तिचा आधार घराच्या उंबरठ्याला लागून असलेली मोकळी जागा हा होता. ट्रस्टच्या काळात योजनाकारांनी हवा आणि उजेड मोजला, परंतु माणसांचे एकत्र येणे मोजले नाही. आजच्या पुनर्विकासात क्षेत्रफळाबरोबर तळमजल्यावरील सामाईक जागेचा विचार झाला नाही, तर त्याच चुकीची पुनरावृत्ती होईल. खोली मोठी होणे ही प्रगती खरीच. परंतु ती होत असताना गल्लीने दिलेले सार्वजनिक जीवनाचे शिक्षण कोठे मिळणार, याचे उत्तर नगररचनेला द्यावे लागेल.